३०१८ वर जीआरबीएल ०.९ काढून १.१ टाकलं: काय बदललं, काय अडलंय

खटपट्या:
छोट्या ३०१८ सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरवरून लाकूड कोरणारं मशीन) जीआरबीएल १.१एच चढवून झालं. जीआरबीएल म्हणजे बोर्डवरचं, मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, फर्मवेअर. आधी विक्रेत्याने दिलेलं ०.९जे होतं आणि ते व्यवस्थित चालत होतं. हे आधीच सांगतो, म्हणजे "चालत्या गाडीला खीळ कशाला घातली" हा प्रतिसाद वाचेल. कारण लेझर. नावाच्या पाट्या करायच्या आहेत आणि ०.९ वर अक्षर जाळलं की प्रत्येक कोपऱ्यावर काळा ठिपका येतो. वळणावर मशीन हळू होतं, लेझर मात्र पूर्वीच्याच ताकदीने जळत राहतो. १.१ मध्ये $३२=१ (लेझर मोड) करून एम४ (लेझर चालू करायची कमांड) दिलं की वेगाबरोबर ताकदही उतरते. एवढ्यासाठी सगळी उठाठेव.

(कमांड आणि आकडे इथे देवनागरीत लिहितोय. मशीनला देताना अर्थातच रोमनमध्ये.)

चढवणं अवघड नाही. हेक्स फाइल घेतली, एक्सलोडर या चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऊनो बोर्ड निवडला, पोर्ट दिला, झालं. पुढची गंमत वेगळी. पहिल्यांदा जोडल्यावर एरर:७ आली आणि पाठोपाठ सगळ्या सेटिंगची यादी आपोआप छापली गेली. घाबरू नका. दोन आवृत्त्यांची मेमरीतली मांडणी वेगळी आहे. ती जुळली नाही की जीआरबीएल ईईप्रॉम (वीज गेली तरी सेटिंग जपणारी मेमरी) पुसून आपले मूळ आकडे भरतं. पण पुसतं म्हणजे सरसकट पुसतं. स्टेप, दिशा, कामाचे शून्यबिंदू (जी५४ ते जी५९), सुरुवातीच्या ओळी, काही शिल्लक राहत नाही.

मूळ आकड्यांत $१००, $१०१, $१०२ (एक्स, वाय, झेडला एका मिमीला किती स्टेप) तिन्ही २५० असतात. माझ्या मशीनला ८०० लागतात. मोटर एका फेरीत २०० स्टेप, ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर, म्हणजे ३२००; टी८ स्क्रू एका फेरीत ४ मिमी सरकतो; ३२०० भागिले ४. आकडा न बदलता १०० मिमीची रेघ मागितली तर ३१.२५ मिमी मिळते. बिटच्या जागी स्केचपेन बांधून कागदावर मारून बघितली, पट्टी लावली, तेवढीच भरली. लाकूड लावायच्या आधी हा पेनाचा प्रयोग सगळ्यांनी करावा. वाय उलटा पळत होता तेही कागदावरच कळलं; $३=२ केल्यावर सुधारला.

जुनी $$ यादी (सगळ्या सेटिंगची) आधीच काढून ठेवली होती म्हणून हे पटापट झालं. आता अडलंय ते दोन ठिकाणी:

एक, लेझर फिका पडलाय. तीच फाइल, तोच एमडीएफ, तोच वेग, पण पूर्वी तपकिरी यायचं तिथे आता जेमतेम पिवळसर डाग येतो. एम४ मुळे असेल का?

दोन, होमिंग (डोकं कोपऱ्यातल्या स्विचपर्यंत नेऊन जागा ठरवणं) केल्यावर पूर्वी स्क्रीनवर शून्य-शून्य यायचं. आता एक्स उणे २९९ आणि वाय उणे १७९ दाखवतंय. स्विच डाव्या-पुढच्या कोपऱ्यात आहेत. हे बरोबर आहे की काहीतरी उलटं बसलंय?

सागवानी:
वाचला नाही तो प्रतिसाद, हा घ्या. 😀 चालत्या गाडीला खीळ कशाला घातली?

मस्करी सोडा. माझं मशीन कित्येक वर्षं तेच सॉफ्टवेअर घेऊन चालतंय. दारावरच्या पाट्या, मखराची जाळी, देव्हाऱ्याच्या कमानी, सगळं त्यावर होतं. गणपतीच्या तोंडावर ऑर्डरी हातात असताना असला उद्योग करणाऱ्याला साष्टांग नमस्कार. लेझर लावणार नसेल त्याला १.१ मध्ये नेमकं काय मिळतं, हे कुणी साध्या भाषेत सांगेल का? नाहीतर हा सगळा कॉम्प्युटरवाल्यांचा खेळ.

फिटरकाका:
खटपट्या, दोन्ही प्रश्नांत मशीनचा दोष नाही.

लेझर फिका का? तुमच्या फाइलमध्ये कमाल ताकद एस२५५ अशी लिहिलेली असणार. विक्रेत्याने जुनं फर्मवेअर २५५ म्हणजे पूर्ण ताकद असं बांधून दिलं असेल. १.१ मध्ये ही कमाल $३० या सेटिंगमध्ये असते आणि मूळ आकडा १००० आहे. म्हणजे तुमचा २५५ आता जेमतेम पाव ताकद झाला. एकतर $३०=२५५ करा, किंवा लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये कमाल एस १००० करा. मी दुसरं सुचवेन, कारण पुढे दुसऱ्याची फाइल घेतली तरी घोळ होत नाही. पण काहीही एकच करा, दोन्ही नको.

एम४ चा थोडा परिणाम आहेच. बारीक अक्षरात मशीन मागितलेल्या वेगापर्यंत पोचतच नाही, त्या प्रमाणात ताकद उतरते. तेच तर हवं होतं ना? आधी $३० सुधारा आणि मग ठरवा.

अजून एक. एम४ मध्ये डोकं उभं असताना लेझर लागत नाही. फोकस करायला ठिपका हवा असेल तर एम३ (एकसारखी ताकद) वापरा: जी१ एफ१००० आणि मग एम३ एस१०. हजारात दहा म्हणजे एक टक्का, डोळ्यावर निळ्या लेझरचा चष्मा तरीही हवाच.

आता उणे २९९. जीआरबीएलच्या मूळ पद्धतीत मशीनचं शून्य उजव्या-मागच्या-वरच्या कोपऱ्यात मानतात, आणि सगळी कामाची जागा उण्यात येते. तुमचे स्विच डाव्या-पुढच्या कोपऱ्यात, $२३ मध्ये एक्स-वाय उलटे केलेले, प्रवास ३०० आणि १८०, स्विचपासून मागे सरकण्याचं अंतर १ मिमी. म्हणून उणे २९९ आणि उणे १७९. हिशेब चोख आहे. पूर्वी शून्य यायचं कारण विक्रेत्याने फर्मवेअर बांधतानाच "होमिंग झालं की तिथेच शून्य धरा" हा पर्याय चालू केला असेल. तो $ सेटिंगमध्ये नसतो, कंपाइल करताना ठरतो.

मशीनच्या शून्याकडे बघूच नका. कामाचं शून्य जी५४ मध्ये ठेवा. बिट कामाच्या कोपऱ्यावर आणा आणि जी१० एल२० पी१ एक्स० वाय० द्या. हे ईईप्रॉममध्ये राहतं. जी९२ ने केलेलं शून्य वीज गेली की जातं.

सागवानी, तुम्हाला साध्या भाषेत: मध्येच लाइट गेली तर होमिंग करायचं आणि त्याच बिंदूवर परत यायचं, ही सोय जी५४ मुळे आहे. ती ०.९ मध्येही होती, तेव्हा तिच्यासाठी अपडेट नको. बाकीचं इतर सांगतील.

खटपट्या:
काका, एस २५५ चं तंतोतंत खरं निघालं. सॉफ्टवेअरमध्ये कमाल १००० केली, रंग परत आला. कोपऱ्यातले ठिपकेही गेले. "श्री" मधला र जिथे वळतो तिथे पूर्वी भोक पडल्यासारखं व्हायचं, आता रेघ सगळीकडे एका जाडीची आहे.

सागवानी, लेझर सोडूनही दोन गोष्टी आहेत ज्यांच्यासाठी मी परत मागे जाणार नाही.

पहिली, चालू कामात वेग बदलता येतो. सागवानात गाठ आली, आवाज बदलला, की फीड (कापत सरकायचा वेग) १० टक्क्यांपासून २०० टक्क्यांपर्यंत कुठेही आणायचा. काम थांबवायचं नाही, फाइल परत काढायची नाही. स्पिंडलचा वेगही तसाच. पूर्वी गाठ दिसली की छातीत धडधड, फार तर फीड होल्ड दाबून देवाचं नाव घ्यायचं.

दुसरी, बाणाच्या बटणाने मशीन सरकवणं. १.१ मध्ये त्यासाठी वेगळी $जे कमांड आहे. बटण सोडलं की सेंडर (कॉम्प्युटरवरून मशीनला कमांड पाठवणारं सॉफ्टवेअर) जॉग-कॅन्सल पाठवतो आणि मशीन वेग उतरवून थांबतं, रांगेतल्या उरलेल्या हालचाली टाकून देतं. शिवाय जी९०-जी९१ ला (अंतर शून्यापासून मोजायचं की आहे त्या जागेपासून) ती हात लावत नाही. ०.९ मध्ये सरकवताना सेंडर जी९१ लावायचा आणि कधीतरी तो तसाच राहून जायचा. पुढची फाइल मग कुठून सुरू होईल याचा नेम नसायचा.

रंधा_आणि_रेती:
सेंडरबद्दल कुणी बोललंच नाही, ते मी सांगते. फर्मवेअर बदललं की जुना सेंडर आंधळा होतो. ०.९ स्थिती स्वल्पविराम टाकून पाठवायचं, १.१ उभ्या दांड्या टाकून पाठवतं आणि दर वेळी कामाची जागा पाठवत नाही, मध्ये मध्ये फक्त फरक कळवतं. जुन्या सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाही. मशीन हलतंय पण स्क्रीनवर आकडे ढिम्म, अशी तक्रार आली की नव्वद टक्के वेळा सेंडरच जुना असतो. कँडल, यूजीएस, बीसीएनसी, लेझरजीआरबीएल, काहीही वापरा, पण १.१ समजणारी आवृत्ती घ्या.

त्रुटींचंही तसंच. पूर्वी वाक्यात लिहून यायचं, आता नुसता आकडा येतो. $$ यादीतही प्रत्येक ओळीपुढचं कंसातलं स्पष्टीकरण गेलं, कारण ऊनोच्या ३२ केबीत जागा उरली नाही. मी मशीनच्या डब्यावर कागद चिकटवलाय: एरर ९ म्हणजे अलार्ममध्ये अडकलंय, होमिंग करा किंवा $एक्स. एरर २० म्हणजे न कळणारी कमांड, बहुतेक वेळा फाइलमधलं एम६ (बिट बदला). एरर २२ म्हणजे फीड दिलेलाच नाही. अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच लागला, अलार्म २ म्हणजे फाइल मशीनच्या हद्दीबाहेर चाललीय. रोज एवढेच लागतात.

आणि लेझर काढून परत स्पिंडल लावणार असाल तर $३२=० करायचं. लेझर मोड चालू राहिला तर जी० च्या (नुसतं सरकायच्या) हालचालीत जीआरबीएल स्पिंडल बंद करतं आणि पुढच्या जी१ ला (कापायच्या हालचालीला) चालू करून लगेच लाकडात घुसवतं, वेग यायची वाट न बघता. बारीक बिट तिथेच मोडतं. आमच्या गटातल्या एकाचं अर्ध्या मिमीचं बिट असंच गेलं, तो बिटाच्या दुकानदाराला शिव्या घालत बसला होता.

नाशिकचा_नान्या:
माझं जरा वेगळं दुखणं. मशीन घरी बनवलेलं, ऊनोवर सीएनसी शील्ड व्ही३ (मोटर आणि स्विच जोडायचा वरचा बोर्ड). नवं फर्मवेअर टाकलं. एक्स, वाय चालतात. होमिंग दिलं की झेड वर जातो, स्विच दाबला जातो आणि तरी थांबत नाही. घर्रर्र करत वरच्या पट्टीवर धडकत राहतो आणि शेवटी अलार्म:९. स्विच मल्टिमीटरने तपासला, चांगला आहे. वायरही सलग आहे.

फिटरकाका:
शील्डवरची अक्षरं जीआरबीएल ०.८ च्या काळातली आहेत. ०.९ मध्ये स्पिंडलचा वेग पीडब्ल्यूएमने (सिग्नल झटपट चालू-बंद करून) बदलायची सोय आली. त्यासाठी पीडब्ल्यूएम देणारी पिन हवी होती, म्हणून डी११ आणि डी१२ ची अदलाबदल केली. शील्डवर जिथे झेड एंडस्टॉप लिहिलंय तिथून आता स्पिंडलचा सिग्नल निघतो, आणि जिथे स्पिंडल एनेबल लिहिलंय तिथे झेडचा स्विच वाचला जातो. झेडची वायर तिकडे लावा. आणि स्विच डी११ वर असताना स्पिंडल चालू करू नका, पिन जमिनीला शॉर्ट होईल.

नाशिकचा_नान्या:
लागलं! शील्डवर मार्करने खरी नावं लिहून टाकली. धन्यवाद काका.

पेठेतला_प्रोग्रॅमर:
उशिरा आलो. चढवतानाच अडलेल्यांसाठी: "नॉट इन सिंक" असं काही आलं तर आधी सेंडर बंद करा, तो पोर्ट धरून बसतो. तरी येत असेल तर बोर्डवरचा बूटलोडर (नवं फर्मवेअर चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) जुना असेल, एक्सलोडरमध्ये ११५२०० च्या जागी ५७६०० द्या. पोर्टच दिसत नसेल तर सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर नाही. मध्येच लाइट गेली तर रडू नका, बूटलोडर वेगळ्या राखीव जागेत असतो, परत चढवा. आणि चढवताना लेझरची पॉवर काढून ठेवा. बोर्ड रिसेट होताना ती पिन क्षणभर अधांतरी असते, लेझर चमकू शकतो. पिन आणि ग्राउंडच्या मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाकला की ती भीती जाते. पुण्याच्या तपकीर गल्लीत चहाच्या पैशात मूठभर मिळतील.

आता मुख्य मुद्दा. सगळे म्हणताहेत जुनी यादी जपून ठेवा. जपा, पण ती जशीच्या तशी पेस्ट करू नका. तीन कारणं.

जीआरबीएल ईईप्रॉममध्ये लिहीत असताना येणारी अक्षरं गाळू शकतं. तीसेक ओळी धाडकन ओतल्या तर एखादी ओळ अर्धवट पोचेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. एक ओळ द्या, ओके येऊ द्या, मग दुसरी.

दुसरं, क्रम. यादीत $२० आधी येतं, $२२ नंतर. सॉफ्ट लिमिटला ($२०, मशीनला हद्दीबाहेर जाऊ न देणं) होमिंग ($२२) चालू असावं लागतं. $२०=१ दिल्यावर होमिंग अजून बंद असतं, म्हणून एरर:१० येते. पुढे $२२ ला होमिंग चालू होतं, बाकीचं सगळं ओके ओके येतं, आणि सॉफ्ट लिमिट बंदच राहतात. नंतर एक दिवस डोकं फ्रेमवर आदळतं आणि आपण म्हणतो १.१ मध्ये बग आहे. $२२ आधी द्या.

तिसरं, सगळ्या आकड्यांचा अर्थ तोच राहिलेला नाही. $१० म्हणजे स्थितीत काय काय कळवायचं. त्यातले भाग १.१ मध्ये बदलले. ते नव्याचं मूळच राहू द्या. $३०, $३१, $३२ जुन्या यादीत नाहीतच, ते विचार करून भरायचे. मशीनच्या अंगाचे आकडे, म्हणजे १०० च्या पुढचे, ते निर्धास्त उचला. बाकी एकेक वाचून.

मधुरा_इचलकरंजी:
मी यातलं कधीच काही बदललेलं नाही, पण इथे वाचून हिंमत येतेय. एक विचारू का? देवनागरी अक्षरं कोरताना शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या जोडावर उभी बारीक रेघ उठते. १.१ टाकल्यावर जाईल का?

रंधा_आणि_रेती:
नाही गं, त्याचा फर्मवेअरशी संबंध नाही. फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा घेऊन येतं आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढते. तू अक्षरांचे पाथ केलेस की ते तुकडे एकमेकांवर पडलेले राहतात, आणि कॅम सॉफ्टवेअर (चित्रावरून मशीनची फाइल बनवणारं) इमानदारीने प्रत्येकाची कड कोरतं. इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ कर, अनग्रुप कर, मग सगळं निवडून युनियन. आख्ख्या शब्दाची एकच बाह्यरेषा होते. युनियननंतर जोडाक्षरं तुटली नाहीत ना ते बघ. बाकी बोलायला वेगळा धागा काढ, यावर मला बरंच लिहायचंय.

पेठेतला_प्रोग्रॅमर:
आणि कुणीतरी विचारायच्या आत: हो, ऊनोवरच्या जीआरबीएलचं काम जवळपास थांबलंय, १.१एच २०१९ चं आहे. पुढे जायचं तर ३२-बिट बोर्ड घ्या आणि जीआरबीएलहॅल किंवा ईएसपी३२ वर फ्लुइडएनसी टाका. फ्लुइडएनसीत मशीनची रचना एका लिहिलेल्या फाइलमध्ये असते, पिनसुद्धा तिथेच बदलता येतात, त्यामुळे नान्यासारखं शील्ड रंगवावं लागत नाही. पण ३०१८ ला त्याची गरज आहे का? माझ्या मते नाही. वायफायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

सागवानी:
गाठीवर फीड उतरवता येतो हे वाचून जरा डळमळलो. परवाच एक कमान गाठीवर फाटली. पण गणपती होईपर्यंत हात लावणार नाही, हे नक्की. तोवर यादी काढून ठेवतो. माझ्याकडे कुठली आवृत्ती आहे ते कसं कळतं? खटपट्यासारखं ०.९ च असेल ना?

खटपट्या:
जोडल्या जोडल्या पहिली ओळ येते, "जीआरबीएल" आणि पुढे आकडा. तो इथे टाका. $$ यादीच्या पहिल्या दोन-तीन ओळीही टाका.

सागवानी:
जीआरबीएल ०.८सी. बॉड ९६००.
$०=८००, कंसात एक्स, स्टेप/मिमी
$१=८००, कंसात वाय
$२=८००, कंसात झेड
$३=१०, कंसात स्टेप पल्स

पेठेतला_प्रोग्रॅमर:
थांबा. बरं झालं विचारलंत. ०.८ मध्ये क्रमांकच वेगळे आहेत. तुमचा $० म्हणजे एक्सच्या स्टेप, १.१ चा $० म्हणजे पल्सची लांबी, मायक्रोसेकंदात. ही यादी नव्यात ओतलीत तर ८०० पल्सच्या खात्यात जातील, झेडच्या ८०० पल्स उलटा करायच्या खात्यात, आणि स्टेप मात्र २५० च राहतील. तुमच्या यादीतून फक्त तीन आकडे घ्या: $० चा $१००, $१ चा $१०१, $२ चा $१०२. दिशा उलटी करायचं गणितही ०.८ मध्ये वेगळं होतं, ते उचलू नका, पेन बांधून $३ नव्याने ठरवा. ०.८ मध्ये तिन्ही अक्षांना प्रवेग एकच होता, आता $१२० ते $१२२ वेगवेगळे. सुरुवातीला तिन्हींत जुनाच आकडा भरा. सेंडरमध्ये बॉड (बोर्डशी बोलायचा वेग) ११५२०० करा, नाहीतर नुसती किडक-मिडक अक्षरं दिसतील.

फिटरकाका:
आणि ०.८ आहे म्हणजे झेडचा स्विच डी११ वर असणार. नान्याचा प्रतिसाद बघा. कंट्रोलर उघडाल तेव्हा फोटो काढा, वायर हलवायच्या आधी.

सागवानी:
बरं. स्पिंडलची वायरही मग डी१२ वरून डी११ वर न्यायची ना? माझ्याकडे तिथे रिले आहे, वेग बदलणारा ड्रायव्हर नाही.

फिटरकाका:
हो, डी११ वर न्या. पण रिले असेल तर पीडब्ल्यूएम नको, मधल्या एस ला रिले कडकड करेल. एकतर फाइलमध्ये एस नेहमी $३० एवढाच ठेवा, किंवा कॉन्फिग फाइलमध्ये व्हेरिएबल स्पिंडलची ओळ बंद करून स्वतः कंपाइल करा. तसं केलंत तर पिनाही जुन्या जागी परत जातात, झेड डी११ आणि स्पिंडल डी१२, म्हणजे तुम्हाला एकही वायर हलवावी लागणार नाही. तुमच्यासाठी मी हेच सुचवेन. गणपतीनंतर फाइल बांधून देतो, बोर्ड ऊनोच आहे ना ते तेवढं कळवा.